फावल्या वेळातील लाकूड-कोरकाम : हत्यारांची निवड आणि तीन सोप्या वस्तू

शेतीचे काम वर्षभर सारखे चालत नाही. रब्बीची मळणी आटोपून खळे मोकळे झाले की पुढच्या पावसापर्यंत, विशेषतः कोरडवाहू गावांत, शेतकऱ्याच्या हाताला पुरेसे काम राहत नाही. औजारांची डागडुजी याच काळात होते. कुळवाची दांडी बदलणे, कुदळीला नवा दांडा बसविणे, बाजेचा मोडलेला पाय दुरुस्त करणे ही कामे अनेक शेतकरी स्वतःच करतात. त्यामुळे वाकस, करवत आणि एखादी पटाशी शेतकऱ्याच्या घरी बहुधा असतेच. या हत्यारांच्या जोडीला आणखी दोन-चार लहान हत्यारे मिळविली, तर फावल्या वेळात लाकूड कोरण्याचा एक उत्तम छंद जडू शकतो. त्यातून घरातली पळी, मुलांची खेळणी, देवघराची चौकट अशा उपयोगी वस्तू तयार होतात आणि औजारांसाठी लाकूड पारखण्याची दृष्टीही तयार होते.

महाराष्ट्राला ही कला नवी नाही. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान महत्त्वाचे होते. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. त्याच्या दर्शनी भागातील सागवानी कोरीव काम आजही पाहावयास मिळते. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो व त्यात मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. म्हणजे कोरीव लाकडाला आपल्या सणांत आणि घरांत स्थान आहेच.

असे असूनही हौसेने सुरू केलेले कोरकाम पुष्कळदा थोड्याच दिवसांत बंद पडते. बाजारातून दहा-बारा हत्यारांची पेटी आणली जाते, हाताशी असलेला कोणताही ओंडका घेतला जातो आणि नक्षी काढून ठोकाठोकी सुरू होते. लाकूड भलतीकडे फाटते, हत्यार निसटून हात कापतो आणि पेटी माळ्यावर जाते. हाताला कला नाही, असा समज मग करून घेतला जातो. वास्तविक अशा अपयशाची कारणे बहुधा दोनच असतात : हत्याराची धार बोथट असते, किंवा लाकडाच्या रेषेकडे लक्ष दिलेले नसते. ही दोन पथ्ये पाळली तर चार हत्यारांवर पुष्कळ काम होते.

लाकडाची रेषा

लाकूड म्हणजे उभ्या, बारीक नळ्यांची एकत्र बांधलेली मोळी होय. जिवंत झाडात या नळ्यांतून पाणी मुळांकडून शेंड्याकडे जाते. म्हणून लाकूड त्याच्या लांबीच्या दिशेने सहज फुटते, पण आडवे तोडण्यास कठीण जाते. सरपण फोडणाऱ्या प्रत्येकाला याचा अनुभव असतो. या तंतूंच्या दिशेलाच सुतार रेषा म्हणतात.

रेषा फळीच्या पृष्ठभागाशी क्वचितच अगदी समांतर असते. ती बहुधा थोडी वर चढते किंवा खाली उतरते. हत्यार चढत्या रेषेबरोबर चालले, तर ढलपी गुळगुळीत निघते. उलट दिशेने चालले, तर धार दोन तंतूंच्या मध्ये शिरते आणि लाकूड आत फाटत जाते. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडे फिरविला तर केस बसतात व उलटा फिरविला तर उभे राहतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून प्रत्येक नव्या जागी प्रथम एक बारीक ढलपी काढून पाहावी. पृष्ठभाग चमकदार निघाला तर दिशा सुलटी आहे. तो खरबरीत झाला, किंवा हत्यार आत ओढले जाऊ लागले, तर लगेच थांबून उलट बाजूने कापावे.

गोलाकार भागांसाठी एक साधा नियम पुरेसा आहे : नेहमी उंचावरून सखल भागाकडे कापावे. खळगा करताना दोन्ही काठांकडून तळाकडे यावे, आणि फुगीर भाग घडविताना जाड ठिकाणाहून निमुळत्या टोकाकडे जावे. याच्या उलट गेल्यास तंतू उचकटतात.

लाकूड वाळविणे

ओल्या लाकडातील पाणी दोन प्रकारचे असते. काही नळ्यांच्या पोकळीत मोकळे असते आणि काही नळ्यांच्या भिंतींत मुरलेले असते. मोकळे पाणी निघून जाईपर्यंत लाकूड फारसे आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला, म्हणजे भिंतींतील पाणी कमी होऊ लागते आणि आकुंचन सुरू होते. हे आकुंचन सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ होतच नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत जेवढे होते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वलयांच्या दिशेने, म्हणजे घेराकडे होते. अखंड गोल ओंडका वाळताना सालीपासून गाभ्यापर्यंत उभा तडकतो, तो यामुळेच.

म्हणून ओंडका अखंड न वाळविता गाभ्यातून उभा फोडून त्याचे दोन किंवा चार भाग करावेत. मधल्या भेंडाचा भाग काढून टाकावा. तुकड्यांच्या दोन्ही टोकांतून पाणी फार लवकर उडते व तेथे चिरा पडतात, यास्तव टोकांना मेण, रंग किंवा शेणमातीचा जाड लेप द्यावा. तुकडे जमिनीवर न ठेवता आडव्या काठ्यांवर, एकमेकांत अंतर ठेवून, सावलीत आणि वाऱ्यावर रचावेत. उन्हात टाकलेले लाकूड लवकर वाळते खरे, पण लवकरच फाटते.

लाकूड वाळले किंवा नाही हे ठरविण्यासाठी अंदाजावर राहू नये. एका तुकड्यावर खूण करून तो दर आठवड्यास तराजूत वजन करावा व वजन लिहून ठेवावे. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन घटले नाही, म्हणजे त्या ठिकाणच्या हवेच्या मानाने लाकूड वाळले असे समजावे. कोकणातील पावसाळी हवेत वाळलेले लाकूड देशावरच्या उन्हाळ्यात नेल्यास पुन्हा आकसते, हेही ध्यानात ठेवावे.

कोणते लाकूड घ्यावे

नवशिक्याने मऊ, सरळ रेषेचे व बारीक पोताचे लाकूड घ्यावे. गावात सहज मिळणाऱ्या झाडांचे गुणदोष पुढीलप्रमाणे आहेत.

शिवण : फिकट रंगाचे, हलके व कोरण्यास सोपे. वाळल्यावर आपला आकार चांगला राखते. पहिल्या कामास हे सर्वांत योग्य होय.

पांगारा : अतिशय हलका आणि मऊ. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी याचा उपयोग होत आला आहे. मात्र त्यावर बुरशीचे डाग लवकर पडतात व कीडही लागते. म्हणून तो तोडताच फोडून वाळवावा आणि तयार वस्तूला रंग द्यावा.

काळा कुडा : पांढरे, हस्तिदंतासारख्या बारीक पोताचे लाकूड. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांचे हेच लाकूड. लहान आकाराच्या, नाजूक कामास चांगले.

फणस : पिवळसर, मध्यम कठीण. काळाबरोबर रंग गडद होत जातो. पळ्या व वाडगे यांस उत्तम.

आंबा : स्वस्त व मुबलक; पण पोत जाड असतो व कीड लागते. सरावासाठी व मोठ्या वस्तूंसाठी घेण्यास हरकत नाही.

साग : टिकाऊ, आकार न बदलणारा. परंतु त्यात वाळूसारखे सूक्ष्म सिलिकाचे कण असल्यामुळे हत्याराची धार लवकर जाते. फळीवरील उठाव कामास योग्य.

कडुनिंब : रेषा गुंतलेली असते, म्हणून कापताना दिशा वारंवार बदलावी लागते. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती याच लाकडाच्या घडवितात व त्या काही वर्षांनी बदलल्या जातात. असा विधी २०१५ साली झाला. हात बसल्यावर हे लाकूड घ्यावे.

शिसव आणि बाभूळ : दोन्ही कठीण. शिसवीवर काम नवशिक्याने करू नये. बाभळीचा उपयोग मोगरी व हत्यारांच्या मुठी करण्यासाठी करावा.

बिब्ब्याच्या झाडाला हात लावू नये. त्याच्या रसाने अंगावर फोड येतात. कण्हेर विषारी असल्याने तिचे लाकूड पळी किंवा खेळण्यासाठी कधीही वापरू नये. कीडनाशक लावलेल्या जुन्या तुळया व रंगविलेल्या जुन्या फळ्याही या दोन कामांसाठी वर्ज्य समजाव्यात.

लाकडासाठी उभे झाड तोडण्याचे कारण नाही. वादळात मोडलेल्या फांद्या, बागेची छाटणी, सुताराकडील आणि लाकूड-गिरणीतील तुकडे या छंदास पुरेसे होतात. शिवाय बांधावरचे झाड आपले असले तरी ते मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, खैर, चंदन इत्यादी अनुसूचित वृक्ष तोडण्यास पूर्वपरवानगी लागते. शंका असल्यास वन खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यांकडे आधी चौकशी करावी.

हत्यारांची निवड

पहिल्या वर्षी पुढील चार कापणारी हत्यारे पुरेत :

१. कोरकामाची सुरी. पाते सुमारे ४ सेंटिमीटर लांब, सरळ धारेचे व टोकदार असावे. लांब पात्यावर ताबा राहत नाही. मूठ तळहातात पूर्ण मावेल एवढी जाड असावी.

२. सरळ पटाशी, १२ मिलिमीटर रुंद.

३. अर्धगोल धारेची पटाशी, १० ते १२ मिलिमीटर रुंद, मध्यम खोलीची. खळगे काढण्याचे काम हिच्यावाचून होत नाही.

४. त्रिकोणी खाचेची पटाशी, ६ मिलिमीटर. रेघा आणि नक्षीच्या कडा उठविण्यासाठी ही लागते. परंतु हिला धार लावणे सर्वांत अवघड असल्यामुळे ही शेवटी घेतली तरी चालेल.

यांच्या जोडीला बाभळीची मोगरी, बारीक दातांची करवत, गिरमिट, कानस, एक बाजू जाड व दुसरी बारीक असलेला धारेचा दगड आणि फळीवर चिकटविलेला चामड्याचा पट्टा असावा. पटाशीवर लोखंडी हातोडीने ठोकू नये, मूठ फुटते.

दुकानात हत्यार पाहताना चकाकी पाहून भुलू नये. धारेच्या कडेवर बारीक कानस हळूच घासून पाहावी. कानस घसरली तर पोलाद चांगले पाणी दिलेले आहे. कानस पोलाद खाऊ लागली तर ते मऊ आहे व त्याची धार टिकणार नाही. दुकानदार अशी परीक्षा करू देत नसेल, तर प्रथम एकच हत्यार विकत घेऊन घरी पाहावे. पाते व मूठ एका रेषेत आहेत ना, मुठीला शेंबी घट्ट बसविलेली आहे ना, हेही पाहावे. सुटी चार चांगली हत्यारे स्वस्त पेटीतील बारा हत्यारांपेक्षा अंती स्वस्त पडतात.

गावातील लोहाराकडूनही उत्तम हत्यार करून घेता येते. जुनी कानस किंवा मोटारीच्या पाट्याचा तुकडा यांत पाणी देण्याजोगे पोलाद असते. हत्यार घडवून झाल्यावर लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत तापवून तेलात बुडविले म्हणजे ते कठीण, पण ठिसूळ होते. त्यानंतर ते घासून उजळवून पुन्हा हळूहळू तापवावे लागते. पृष्ठभागावर फिकट गवती पिवळा रंग दिसताच थांबावे. असे केल्याने ठिसूळपणा जातो आणि धार टिकते.

धार

बोथट हत्यारावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेले हत्यारच निसटते. म्हणून धारदार हत्यार हेच अधिक सुरक्षित हत्यार होय.

मऊ लाकडासाठी पटाशीच्या धारेचा कोन २० ते २५ अंशांचा व कठीण लाकडासाठी २५ ते ३० अंशांचा ठेवावा. दगडावर थोडे तेल किंवा पाणी टाकावे. ज्या दगडावर एकदा तेल वापरले त्यावर पुढेही तेलच वापरावे. पटाशीचा उतार दगडावर सपाट टेकवून, कोन न बदलता, ती पुढे-मागे घासावी. काही वेळाने दुसऱ्या बाजूस बारीक लव उठलेली बोटाला जाणवते. ती धारेच्या सर्व रुंदीवर आली म्हणजे दगडाची बारीक बाजू घ्यावी व लव निघून जाईपर्यंत दोन्ही बाजू आळीपाळीने हलक्या हाताने घासाव्यात. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावरून धार मागे ओढावी. पुढे ढकलल्यास चामडे कापते. अर्धगोल पटाशी घासताना ती मनगटाने सावकाश लोळवावी, म्हणजे मधला भाग जास्त झिजत नाही.

विजेच्या चाकावर कोरडी धार लावताना पाते फार तापते. धारेवर निळसर रंग आला, तर तेथील पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग झिजवून काढल्याशिवाय धार टिकत नाही. म्हणून पाते दर काही क्षणांनी पाण्यात बुडवावे.

धारेची परीक्षा अंगठ्यावर न करता मऊ लाकडाच्या आडव्या टोकावर करावी. ढलपी न चुरडता स्वच्छ निघाली, म्हणजे हत्यार तयार आहे. काम करतानाही दर अर्ध्या तासाने हत्यार चामड्यावरून फिरवावे.

हात सांभाळणे

कोरावयाचा तुकडा शिकंज्यात किंवा बाकड्यावर खिळलेल्या दोन पट्ट्यांमध्ये घट्ट बसवावा. पटाशी चालविताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. तुकडा मांडीवर ठेवून मांडीच्या दिशेने कधीही कापू नये. मांडीच्या आतील बाजूस मोठी रोहिणी असते आणि ती कापल्यास थोड्या वेळात प्राणावर बेतते. पडणारे हत्यार झेलण्याचा प्रयत्न करू नये. जखम झाल्यास स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावी. शेणामातीच्या संपर्कात असलेल्या शेतकऱ्याला लहान जखमेतूनही धनुर्वाताचा धोका असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनाबाबत विचारावे. लाकूड घासताना नाकातोंडाला फडके बांधावे.

पहिली वस्तू : सहा पाकळ्यांचे फूल

१२ सेंटिमीटर लांब-रुंद व दीड सेंटिमीटर जाड अशी शिवणीची रंधलेली फळी घ्यावी. कंपासाने ४ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. तीच त्रिज्या कायम ठेवून परिघावर सहा खुणा कराव्यात व प्रत्येक खुणेवरून मध्यबिंदूतून जाणारा कंस काढावा. सहा पाकळ्या आपोआप तयार होतात. प्रत्येक पाकळी ४ सेंटिमीटर लांब व मध्यभागी सुमारे १ सेंटिमीटर रुंद असते.

सुरी पाकळीच्या कडेवर ठेवून पाते पाकळीच्या मध्याकडे कलते धरावे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सलग छेद घ्यावा. टोकाशी छेद उथळ व मध्यभागी सुमारे ३ मिलिमीटर खोल असावा. नंतर फळी फिरवून दुसऱ्या कडेने तसाच छेद घ्यावा. दोन्ही छेद तळाशी मिळाले की ढलपी सुटून येते. ती न सुटल्यास टोचून उचकटू नये. दोन्ही छेद पुन्हा एकदा हलकेच घ्यावेत. ज्या पाकळ्या रेषेला समांतर येतात त्यांच्या टोकांशी लाकूड पुढे फाटण्याचा संभव अधिक असतो. तेथे छेद टोकाच्या किंचित अलीकडे थांबवून उरलेला भाग उलट बाजूने घ्यावा. एकाच फळीवर असे फूल तीन-चार वेळा काढले, म्हणजे रेषेची पारख हाताला समजू लागते.

दुसरी वस्तू : पळी

पळी ओल्या लाकडाची करता येते, कारण ओले लाकूड मऊ असते. फणसाचा किंवा शिवणीचा २५ सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद व ३ सेंटिमीटर जाड असा, फोडून काढलेला तुकडा घ्यावा. करवतीने कापलेल्या तुकड्यात रेषा मध्येच तुटण्याचा संभव असतो. फोडलेल्या तुकड्यात ती दांड्याच्या पूर्ण लांबीतून जाते आणि दांडा मजबूत होतो. नैसर्गिक बाक असलेली फांदी मिळाल्यास फारच उत्तम, कारण तिच्यातील तंतू पळीच्या आकाराप्रमाणेच वळलेले असतात.

पळीचा आकार वरून पेन्सिलीने काढावा. तुकडा चौकोनी असून घट्ट धरता येतो तोवरच खळगा खोदून घ्यावा. अर्धगोल पटाशीने काठाकडून मध्याकडे, मुख्यतः रेषेला आडवे कापावे. त्यानंतर बाहेरचा आकार वाकसाने व सुरीने घडवावा. दांडा व खळगा जेथे मिळतात तो गळा हे पळीचे नाजूक ठिकाण होय. तेथे दोन्ही बाजूंनी उतरत यावे व जाडी कमी करू नये. खळग्याची भिंत प्रथम ८ मिलिमीटर ठेवून पळी कागदात गुंडाळून सावलीत दोन-तीन आठवडे वाळू द्यावी. नंतर भिंत ४ ते ५ मिलिमीटरपर्यंत आणून पळी काचकागदाने घासावी. पाण्याने ओली करून वाळवून पुन्हा घासल्यास वर उठलेले तंतू निघून जातात व नंतर ती वापरात खरबरीत होत नाही.

तिसरी वस्तू : तान्ह्या पोळ्याचा बैल

बैल करताना रेषेचे महत्त्व सर्वांत अधिक कळते. रेषा बैलाच्या लांबीच्या दिशेने ठेवली, तर पाय आडव्या रेषेचे होतात व पहिल्याच धक्क्याला मोडतात. रेषा उभी ठेवली, तर पाय मजबूत होतात, पण पुढे आलेले तोंड आणि आडवी शिंगे कच्ची राहतात. यातून मार्ग असा : रेषा उभी ठेवावी, तोंड आखूड व गळ्याशी जोडलेले ठेवावे, शेपूट मागच्या पायाला चिकटलेली कोरावी आणि शिंगे वेगळी करून बसवावीत.

१६ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर उंच व ५ सेंटिमीटर जाड असा वाळलेला तुकडा घ्यावा. एका बाजूवर बैलाची आकृती काढावी. आकृतीच्या बाहेरच्या भागात कडेपासून रेघेपर्यंत करवतीने जवळजवळ काप घ्यावेत व मधले लाकूड पटाशीने उडवावे. पोटाखालचा भाग काढण्यापूर्वी तेथे गिरमिटाने भोके पाडावीत, म्हणजे लाकूड पायांकडे फाटत नाही. पुढचे दोन पाय एकमेकांपासून सुटे न करता मध्ये पातळ पडदा ठेवावा. मागच्या पायांचेही तसेच करावे. यानंतर वशिंड, पोळी आणि मांड्या यांचे उतार सुरीने गोलावत आणावेत.

घरच्या बैलाकडे पाहून काम केल्यास वस्तूत जिवंतपणा येतो. खिलार बैलाची शिंगे लांब असून मागे झुकून वर वळतात. विदर्भातील गवळाऊची शिंगे आखूड व बोथट असतात. देवणीचे कान लांब आणि लोंबते असतात. एवढा फरक नीट दाखविला तरी पाहणारा शेतकरी जात लगेच ओळखतो.

शिंगांसाठी बारीक वाकडी फांदी घ्यावी, डोक्यात ६ मिलिमीटरचे भोक पाडून ती पांढऱ्या सरसाने बसवावी व टोके बोथट करावीत. बैल १८ सेंटिमीटर लांब पाटावर बसवून त्याला चार चाके लावावीत. चाकांसाठी फांदीच्या गोल चकत्या घेऊ नयेत. वर सांगितलेल्या कारणाने त्या वाळताना हमखास तडकतात. ५ सेंटिमीटर व्यासाची चाके फळीतून कापावीत. सुटे होणारे लहान भाग तीन वर्षांखालील मुले तोंडात घालतात, म्हणून शिंगे व चाके ओढून पाहून घट्ट असल्याची खात्री करावी.

शेवटचा हात

पळीला कच्चे जवसाचे तेल लावावे. हे तेल हवेत हळूहळू सुकून त्याचा पापुद्रा बनतो. खोबरेल किंवा भुईमुगाचे तेल तसे सुकत नाही. वस्तू चिकट राहते व कालांतराने तिला वास येतो. तेल पातळ चोळून अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे व वस्तू काही दिवस हवेशीर ठेवावी. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलात ते लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते पळीस किंवा खेळण्यास वापरू नये. खेळण्यांना शिसेविरहित रंग द्यावा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१७ पासून लागू आहे. जुने साठवलेले रंग मात्र टाळावेत.

येथे एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली, तर तेल सुकताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेतात. गोठ्यात, कडब्याजवळ किंवा भुशाच्या ढिगावर असे फडके पडल्यास त्यातून मोठी आग लागू शकते. यासाठी फडकी काम संपताच पाण्यात भिजवावीत किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळू द्यावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात हा छंद रुजवावयाचा असल्यास प्रत्येकाने वेगळी हत्यारे घेण्याची गरज नाही. युवक मंडळाने किंवा शाळेने एक हत्यारसंच व एक चांगला धारेचा दगड घ्यावा आणि गावच्या सुताराकडून धार लावण्याचे प्रात्यक्षिक प्रथम घडवून आणावे. धार लावता आल्याशिवाय कोणासही कोरकामाची पटाशी देऊ नये. लहान मुलांना आरंभी साबणाच्या वडीवर बोथट पात्याने काम द्यावे. मोठ्यांसाठी माघ-फाल्गुनात लाकूड फोडून वाळत घालणे, चैत्र-वैशाखात फूल व पळी, आणि पोळ्यापूर्वी बैल, असा क्रम सोयीचा पडतो.

छंद आणि धंदा यांतील फरकही कार्यकर्त्यांनी समजावून द्यावा. दोन-चार वस्तू चांगल्या झाल्या म्हणजे बाजारपेठ मिळतेच असे नाही, आणि त्या भरवशावर कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. परंपरेने हाताने काम करून उपजीविका करणाऱ्या सुतारांसाठी व खेळणी बनविणाऱ्यांसाठी मात्र १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व सवलतीचे कर्ज यांची तरतूद करण्यात आली. गावातील अशा कारागिरास तिची माहिती अवश्य द्यावी.

ज्याला लाकडाची रेषा कळली त्याला औजाराचा दांडाही नीट निवडता येतो. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेला दांडा टिकतो. ती मध्येच बाजूस निघून गेलेली असेल, तर तो दांडा ऐन कामाच्या दिवशी मोडतो आणि कधी माणसाला जायबंदीही करतो. उन्हाळ्याच्या फावल्या दुपारी पळी कोरताना झालेली ही पारख पुढे पेरणीच्या आणि कापणीच्या धांदलीत उपयोगी पडते. यासाठी शेतकरी बंधूंनी यंदाच्या उन्हाळ्यात एक सुरी, एक दगड आणि शिवणीचा एक तुकडा घेऊन आरंभ करावा. बाकीची हत्यारे जसजशी गरज भासेल तसतशी घ्यावीत.